फसलेला घात आणि त्याचे निवेदन : ‘मुद्राराक्षसा’च्या दुसऱ्या अंकाचे एक वाचन

१

राज्यकर्त्याच्या जिवावर घातलेला घाला फसला, तर त्या फसलेल्या घाल्याचे कथानकात काय करावयाचे, हा प्रश्न साहित्यविचारात फार पूर्वी उपस्थित झालेला आहे. ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’च्या चौदाव्या प्रकरणात करुण आणि भयंकर कृतींची जी प्रतवारी लावली आहे, तीत या प्रकाराला सर्वांत खालची पायरी मिळाली आहे. जाणूनबुजून केलेला वध (मीडिया), अजाणता केलेला आणि मागाहून उमगलेला वध (ईडिपस), ऐनवेळी ओळख पटल्यामुळे टळलेला वध (इफिजिनिया) या तिन्हींना शोकात्मिकेत स्थान आहे. परंतु समोर कोण आहे हे पुरते ठाऊक असताना शस्त्र उगारावे आणि कृती मात्र पुरी होऊ नये, हे त्याला निकृष्ट वाटते. कारणही तो देतो. अशा प्रसंगात किळस आहे, पण क्लेश नाही. आणि जेथे क्लेश नाही तेथे शोकात्मता संभवत नाही. नाटककार हा प्रकार क्वचितच योजतात, असे सांगून तो एकच उदाहरण पुढे ठेवतो. ते आहे सोफोक्लीझच्या ‘अँटिगनी’तील हीमन आणि क्रेऑन यांचे.

हे उदाहरण बारकाईने पाहण्याजोगे आहे. क्रेऑन हा हीमनचा पिता आहे, तसाच तो थीब्जचा राजाही आहे. अँटिगनीच्या प्रेताला कवटाळून बसलेला हीमन त्याच्यावर तलवार उपसतो, क्रेऑन निसटतो, वार हुकतो आणि तीच तलवार हीमन स्वतःच्या कुशीत खुपसतो. यातले काहीही रंगभूमीवर घडत नाही. दूत येऊन सांगतो. ॲरिस्टॉटलची नजर हुकलेल्या वारावर खिळलेली आहे. त्या वारानंतर पुढच्याच क्षणी जो मरतो, त्याची नोंद या वर्गीकरणात नाही. राजा वाचला, एवढ्यावरून ‘क्लेश नाही’ हा निष्कर्ष काढला गेला आहे. पण राजा वाचणे आणि कोणीच न मरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. फसलेल्या घातात बहुधा कोणी ना कोणी मरतेच. फक्त ज्याच्यासाठी घात योजला होता तो मरत नाही.

या दोन गोष्टींमधील अंतर ज्या नाटकाने आपल्या रचनेच्या केंद्रापाशी आणले, ते विशाखदत्ताचे ‘मुद्राराक्षस’. चंद्रगुप्त मौर्याला ठार करण्यासाठी नंदांचा अमात्य राक्षस याने योजलेले घात एकामागून एक कसे फसले, याची हकीकत या नाटकाच्या दुसऱ्या अंकात येते. मराठी अभ्यासकाला हे नाटक परके नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी ढुंढिराजाने त्यावर टीका लिहिली ती तंजावरच्या मराठा राजांच्या आश्रयाने. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी १८८४ साली मुंबईहून त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. कृष्णशास्त्री राजवाडे यांनी ते मराठीत आणले. या परिचयातून आपल्याकडे जे वाचन रूढ झाले, ते मुख्यतः चाणक्याच्या बुद्धिवैभवाचे. दुसरा अंक हा त्या वैभवाचा दाखला म्हणून वाचला जातो. राक्षसाने डाव टाकावा, चाणक्याने तो उधळावा, आणि वाचकाने चाणक्याला दाद द्यावी, असा हा व्यवहार आहे. हे वाचन चुकीचे नाही, पण अपुरे आहे, असे मला वाटते. दुसऱ्या अंकाची संहिता या दादेच्या आड येईल अशा काही गोष्टी करते. त्या कोणत्या आणि नाटकाच्या शेवटाशी त्यांचा संबंध काय, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम निवेदनाची घडण पाहू. राक्षस पाटलिपुत्राबाहेर, मलयकेतूच्या आश्रयाला आहे. त्याचा हेर विराधगुप्त गारुड्याच्या वेषात, जीर्णविष हे नाव घेऊन, त्याच्याकडे येतो आणि कुसुमपुरात काय घडले ते सांगू लागतो. म्हणजे सर्व घात आधीच घडून गेलेले आहेत. रंगभूमीवर एक माणूस सांगतो आहे आणि दुसरा ऐकतो आहे, एवढेच दृश्य आहे.

संस्कृत नाट्यशास्त्राच्या चौकटीत याचा उलगडा सोपा आहे. ‘दशरूपका’ने कथावस्तूचे सूच्य आणि दृश्य-श्रव्य असे दोन भाग केले आहेत, वध, युद्ध, नगराचा वेढा यांसारख्या गोष्टी रंगमंचावर दाखवू नयेत, त्या सुचवाव्यात, असा संकेत आहे. मात्र सूच्य भागासाठी विष्कंभक, प्रवेशक अशी स्वतंत्र साधने असताना विशाखदत्ताने ही हकीकत अंकाच्या गाभ्यात घेतली आहे, आणि ती ऐकणारा माणूस तिच्यात सर्वांत अधिक गुंतलेला असा योजला आहे. प्रवेशकातील दोन सेवकांनी हीच वार्ता परस्परांना सांगितली असती तर ती माहिती ठरली असती. राक्षसाने ऐकल्यामुळे ती अनुभव होते. या अंकात जे दृश्य आहे ते घातांचे नसून घातांच्या श्रवणाचे आहे.

श्रवणाची ही बाजू विशाखदत्ताने किती जाणीवपूर्वक हाताळली आहे, हे आरंभीच्या एका प्रसंगावरून दिसते. विराधगुप्त कुसुमपुराच्या वेढ्याचे वर्णन करू लागतो, आणि राक्षस एकाएकी शस्त्र उपसून उठतो, रक्षणाचे हुकूम सोडू लागतो. हे घडून गेलेले सांगतो आहे, अशी आठवण विराधगुप्ताला करून द्यावी लागते. राक्षस भानावर येतो. तोच काळ चालू आहे असे आपल्याला वाटले, असे कबूल करतो. कथनमीमांसेच्या परिभाषेत सांगायचे तर, निवेदनाचा काळ आणि निवेदित घटनेचा काळ यांतील अंतर या श्रोत्याच्या ठिकाणी पुसले गेले आहे. हा केवळ मनोविकाराचा चटका नव्हे. जे घडून गेले ते अद्याप बदलता येईल, अशी धारणा राक्षसाच्या श्रवणात अखेरपर्यंत टिकून राहते. म्हणूनच प्रत्येक घाताविषयी तो आशेने विचारतो आणि प्रत्येक उत्तर त्याच्यावर नव्याने कोसळते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. चाणक्य या अंकात कोठेही उपस्थित नाही. त्याच्या सावधपणाचे जे सर्वांत प्रभावी चित्रण या नाटकात आहे, ते शत्रुपक्षाच्या हेराच्या तोंडून आलेले आहे. फसलेल्या घाताची कथा एरव्ही वाचलेल्याची बाजू सांगते. रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याच्यावर १८६६ साली काराकोझोव्हने झाडलेली गोळी चुकली तेव्हा, जवळ उभ्या असलेल्या एका टोप्या शिवणाऱ्या कारागिराने त्याचा हात ढकलला, ही कथा राज्यसंस्थेने उचलून धरली आणि त्या कारागिराला उमरावपद दिले. राजा वाचला यात ईश्वरी संकेत आहे, हे अशा कथांचे ठरलेले तात्पर्य असते. ‘मुद्राराक्षसा’त हीच कथा हरलेल्यांच्या घरात, हरलेल्यांपैकी एकाकडून, दबक्या आवाजात सांगितली जाते. सांगणारा विराधगुप्त हा मेलेल्यांच्याच दर्जाचा, त्यांच्यासारखाच पेरलेला आणि योगायोगाने उरलेला माणूस आहे. त्यामुळे चाणक्याची प्रत्येक सरशी आपल्यापर्यंत एकेका मृत्यूच्या वार्तेतून पोचते.

३

आता हे घात क्रमाने पाहू. चंद्रगुप्तासाठी पाठविलेल्या विषकन्येने पर्वतकाचा बळी घेतला. राजवाड्याच्या पहिल्या दारावर दारुवर्म्याने यांत्रिक तोरण उभारले. माहूत बर्बरकाने सोन्याच्या दांडीत कट्यार लपविली. वैद्य अभयदत्ताने औषधात विष मिसळले. शयनगृहाचा अधिकारी प्रमोदक याला राक्षसाने पैसा पुरविला. बीभत्सक आणि त्याचे सोबती शयनगृहाच्या भिंतीतील भुयारात दबा धरून बसले.

या यादीत एक व्यवस्था आहे. दार, वाहन, औषध, शय्या: राजाच्या शरीराजवळ जाण्याचे जे जे मार्ग आहेत त्यांवर एकेक माणूस उभा आहे. सुतार, माहूत, वैद्य, शय्यापाल हे सर्व सेवेकरी आहेत, आणि सेवेच्या निमित्ताने जी जवळीक मिळते तिचेच त्यांनी शस्त्र केले आहे. राजसत्ता बाहेरून कितीही अभेद्य दिसली तरी राजाचा देह अशा दहापाच हातांच्या स्वाधीन असतो, हे सत्य या यादीतून उघड होते.

चाणक्याच्याच नावावर परंपरेने नोंदलेल्या ‘अर्थशास्त्रा’शी या ठिकाणी तुलना करणे उद्बोधक ठरेल. र. पं. कंगले यांच्या चिकित्सक आवृत्तीमुळे हा ग्रंथ आपल्या अभ्यासकांना विश्वसनीय स्वरूपात उपलब्ध झाला आहे. त्याच्या पहिल्या अधिकरणात अंतःपुराची रचना आणि राजाचे आत्मरक्षण या विषयांवर लागोपाठ दोन अध्याय आहेत. भिंतीतील गुप्त वाटा तेथे आहेत. वैद्याने औषध आधी इतरांना आणि स्वतः चाखून मगच राजाला द्यावे, हा नियमही आहे. पण त्याहून महत्त्वाची आहे ती तेथील मारल्या गेलेल्या राजांची यादी. कोणी राणीच्या महालात लपलेल्या भावाकडून मेला, कोणी आईच्या शय्येखाली दडलेल्या मुलाकडून, कोणी मधाच्या मिषाने विष कालविलेल्या लाह्यांनी, कोणी विषारी पैंजणाने, कोणी वेणीत लपविलेल्या शस्त्राने. ही सगळी फत्ते झालेल्या घातांची उदाहरणे आहेत. शास्त्र यशस्वी घातांपासून धडा घेते; ज्या घातात राजा वाचला त्याची शास्त्राला गरज नाही. शिवाय त्या यादीत मेलेल्या राजांची ओळख आहे, मारणारे मात्र भाऊ, मुलगा, राणी अशा नात्यांनीच उल्लेखिलेले आहेत.

विशाखदत्ताची यादी नेमकी उलट आहे. तीत राजा जिवंत आहे आणि घातकांना नावे आहेत. शास्त्रात ‘तीक्ष्ण’ म्हणजे शस्त्राने मारणारा आणि ‘रसद’ म्हणजे विष देणारा, या वर्गसंज्ञांनी ज्यांची बोळवण होते, ते येथे दारुवर्मा, बर्बरक, अभयदत्त, प्रमोदक, बीभत्सक होतात. नाटककाराने शास्त्रातील पद व्यक्तीला दिले आणि व्यक्तीला मरण दिले. या दोन कृतींमधून जे निर्माण होते ते शास्त्राच्या कक्षेबाहेरचे आहे.

प्रत्येक मृत्यूची तऱ्हाही वेगळी राखलेली आहे. अभयदत्ताच्या औषधाने सोन्याच्या पात्राचा रंग पालटला, तो चाणक्याने टिपला, आणि तेच औषध वैद्याला पाजले. ते ऐकून राक्षस हळहळतो ती केवळ आपला माणूस गेला म्हणून नव्हे; विद्येचा एक मोठा साठा नष्ट झाला, असे तो म्हणतो. प्रमोदक मिळालेल्या पैशाने चैन करू लागला, एवढे धन कोठून आले याची त्याने निरनिराळी उत्तरे दिली, आणि तो पकडला गेला. बीभत्सकादिकांचा शेवट सर्वांत भयानक आहे. राजा येण्यापूर्वी शयनगृह पाहावयास गेलेल्या चाणक्याला भिंतीच्या फटीतून मुंग्यांची रांग बाहेर येताना दिसली. मुंग्यांच्या तोंडी अन्नाचे कण होते. आत माणसे आहेत हे त्याने ताडले आणि ते घरच पेटवून दिले. धुराने डोळे भरलेल्या त्या माणसांना बाहेर पडण्याची वाट सापडली नाही.

मुंग्यांचा हा तपशील चाणक्याच्या निरीक्षणशक्तीचा नमुना म्हणून नेहमी सांगितला जातो, आणि तो तसा आहेही. चाणक्य हा या नाटकातील श्रेष्ठ वाचक आहे: पात्राचा रंग, खर्चाचे प्रमाण, मुंग्यांची रांग ही सगळी त्याला चिन्हे आहेत. परंतु हे चिन्ह ज्या वस्तूचे बनले आहे तिच्याकडे आपण पाहावे. अन्नाचे ते कण भुयारात जेवलेल्या माणसांचे आहेत. अंधारात दिवस काढणारी माणसे जेवतात, शिते सांडतात, आणि त्या साध्या मानवी गरजेने त्यांचा माग लागतो. चाणक्य चिन्हावरून अर्थाकडे जातो आणि तेथे थांबतो. वाचकाला मात्र अर्थावरून पुन्हा त्या सांडलेल्या शितांकडे परतता येते, आणि संहितेने त्यासाठी पुरेशी जागा ठेवली आहे.

४

दारावरचा प्रसंग या सर्वांत गुंतागुंतीचा आहे आणि माझ्या मते दुसऱ्या अंकाच्या अर्थाची किल्ली त्यात आहे.

चाणक्याने चंद्रगुप्ताच्या राजवाड्यातील प्रवेशासाठी मध्यरात्रीचा मुहूर्त जाहीर केला आणि नगरातील सुतारांना दारे सजविण्यास सांगितले. पहिले दार दारुवर्म्याने आधीच सोन्याच्या तोरणाने सजविले आहे, असे उत्तर आले. हुकमाची वाट न पाहता दाखविलेली ही तत्परताच त्याला भोवली. चाणक्याने त्याची वाखाणणी केली आणि या कौशल्याचे योग्य फळ लवकरच मिळेल, असे आश्वासन दिले. त्या वाक्यातील दुहेरी अर्थ दारुवर्म्याला कळला नसेल. ऐकणाऱ्या राक्षसाला तो तत्क्षणी कळतो. पुढे, अर्धे राज्य देऊ केलेला पर्वतकाचा भाऊ वैरोचक याला अभिषेक झाला. ओळखीच्यांनाही ओळखू येऊ नये इतका त्याला अलंकारांनी मढवून चंद्रगुप्ताच्या चंद्रलेखा नावाच्या हत्तिणीवर बसविण्यात आले. दारुवर्म्याने त्यालाच चंद्रगुप्त समजून तोरण सोडण्याची सिद्धता केली. त्याच वेळी माहूत बर्बरकाने दांडीतील कट्यार काढण्यासाठी हात घातला. आता फटका बसणार, अशा समजुतीने हत्तिणीने चाल बदलली. आधीच्या चालीचा अंदाज घेऊन सोडलेले तोरण नेम चुकून पडले आणि बर्बरक ठार झाला. आपले मरण अटळ आहे हे ओळखून दारुवर्म्याने यंत्राच्या लोखंडी खिळीनेच वैरोचकाला मारले. आणि वैरोचकाच्या शिपायांनी दारुवर्म्याला ढेकळांनी ठेचून मारले.

या प्रसंगात चाणक्याचे कर्तृत्व कोठे संपते? वैरोचकाला हत्तिणीवर बसविले तेथे. चंद्रगुप्त तेव्हा दारातच नव्हता. तोरण नेमके पडले असते तरी, चुकून पडले तरी, तो वाचणारच होता. म्हणजे हत्तिणीच्या बदललेल्या चालीचा राजाच्या वाचण्याशी काहीही संबंध नाही. तिच्यामुळे एकच फरक पडला: एका घातकाच्या यंत्राखाली दुसरा घातक चिरडला गेला. एकाच स्वामीसाठी प्राण पणाला लावलेल्या दोन माणसांच्या हालचालींत मेळ नव्हता आणि एकाची कृती दुसऱ्याचा काळ ठरली.

फसलेल्या घाताच्या कथेत योगायोग सामान्यतः राजाच्या बाजूने पडतो. गोळी चुकते, राजा अकस्मात मान वळवितो, बॉम्ब उशिरा फुटतो. त्या योगायोगालाच पुढे दैवाचे किंवा ईश्वरी कृपेचे नाव मिळते. राक्षसही तेच करतो: चंद्रगुप्त मेला नाही, वैरोचक आणि बर्बरक मेले, आणि हे दैवाने केले, अशी त्याची प्रतिक्रिया आहे. परंतु संहितेने राक्षसाच्या या उद्गाराला आधार दिलेला नाही. राजा वाचला तो दैवाने नव्हे, योजनेने. दैव या प्रसंगात खरोखर जेथे उतरले आहे ते ठिकाण म्हणजे माहुताचा देह. योजनेचे संरक्षण एकाला आहे. योगायोगाचा मार बाकीच्यांना आहे. सत्तेच्या उतरंडीत दैवाची वाटणी कशी होते, याचे याहून नेमके विधान नाट्यवाङ्मयात क्वचितच सापडेल. आणि ते कोणत्याही पात्राच्या तोंडी न घालता विशाखदत्ताने घटनेच्या जुळणीतूनच केले आहे.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. संहितेत दारुवर्म्याला ‘सूत्रधार’ म्हटले आहे. या शब्दाचा कारागीर हा अर्थ आपल्या ‘सुतार’ या शब्दात आजही जिवंत आहे. नाटक चालविणारा हा त्याचा दुसरा अर्थ. नाटकाच्या आरंभी येणारा सूत्रधार प्रयोगाची सूत्रे हाती धरतो. दारुवर्मा हा सूत्रधारही मध्यरात्रीच्या एका प्रयोगाची सिद्धता करून यंत्राची दोरी धरून बसलेला आहे. पण ज्या प्रयोगाचा आपण सूत्रधार आहोत असे त्याला वाटते, त्याची संहिता दुसऱ्याच कोणी लिहिलेली आहे आणि हत्तिणीवरचा नटही बदललेला आहे. विशाखदत्ताला हा श्लेष अभिप्रेत होता असा दावा मी करीत नाही. शब्दाच्या वापराने तो शक्य झाला आहे, एवढेच म्हणता येईल.

५

मग ‘फसला’ म्हणजे कोणाच्या दृष्टीने फसला? विषकन्येने पर्वतक मेला, तोरणाच्या घोटाळ्यात वैरोचक मेला. दोघेही अर्ध्या राज्याचे वाटेकरी होते. चंद्रगुप्ताच्या निष्कंटक सत्तेच्या आड येणारे दोन भागीदार राक्षसाच्याच साधनांनी दूर झाले. राक्षसाला हे उमगते: शस्त्रासाठी आणि विषासाठी नेमलेली आपली माणसे त्याच शस्त्राने आणि विषाने मारली गेली, आणि आपली नीती मौर्यालाच फळे देते आहे, असा त्याच्या विलापाचा आशय आहे. विषकन्येच्या संदर्भात त्याला कर्णाची शक्ती आठवते. अर्जुनासाठी राखून ठेवलेली ती अमोघ शक्ती घटोत्कचावर खर्ची पडली आणि तिने कृष्णाचेच काम केले.

म्हणून हे घात फसले असे म्हणण्यापेक्षा त्यांचे कर्तेपण हिरावून घेतले गेले, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. वार राक्षसाचा, निष्पत्ती चाणक्याची. आणि निष्पत्तीइतकीच महत्त्वाची आहे ती कथा. पर्वतकाच्या मृत्यूच्या या नाटकात किमान तीन कथा फिरतात. राक्षसाने आमच्या मित्राला मारले, ही चाणक्याने नगरात पसरविलेली कथा. तुझ्या बापाला चाणक्याने मारले, ही भागुरायणाने मलयकेतूच्या कानात सांगितलेली कथा. तिच्यामुळे मलयकेतू पळून राक्षसाकडे जातो. आणि पाचव्या अंकात जीवसिद्धी जी ‘कबुली’ देतो ती तिसरी कथा. राक्षसानेच हे करविले असे मलयकेतूला वाटावे आणि दोघांत फूट पडावी, यासाठी ती रचलेली आहे. वार एकदाच झाला. त्याच्या कथा मात्र गरजेप्रमाणे पुन्हा पुन्हा रचल्या गेल्या आणि त्यांनी राक्षसाचा पराभव केला. दारुवर्मा आणि इतर घातकांना नेमल्याच्या आरोपाखालीच शकटदासाला सुळावर देण्याचा हुकूम निघतो, हेही याच व्यूहाचे अंग आहे. फसलेला घात वाचलेल्याच्या हाती पुरावा म्हणून पडतो, आणि पुरावा हे शस्त्र कट्यारीहून अधिक काळ धार राखते.

६

या वाचनावर एक आक्षेप संभवतो. दारुवर्मा, बर्बरक ही पात्रे नव्हेत. ती केवळ नावे आहेत, आणि चाणक्याचा सावधपणा ठसविणे एवढेच त्यांचे प्रयोजन आहे. त्यांच्या ठिकाणी करुण शोधणे म्हणजे आधुनिक संवेदनशीलता प्राचीन संहितेवर लादणे होय. हा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. वीररसाच्या आणि नीतीच्या नाटकात गौण माणसांचे मृत्यू सहज खपून जातात, हे खरे आहे.

परंतु तीन गोष्टी या आक्षेपाच्या विरुद्ध जातात. एक, चाणक्याचा सावधपणाच दाखवावयाचा असता तर हत्तिणीच्या बदललेल्या चालीला प्रयोजन उरत नाही. ती चाणक्याच्या गौरवात भर घालीत नाही. दोन, राक्षस यादी ऐकत नाही, तो एकेकाच्या नावाने विचारतो. वैद्याचे काय झाले, प्रमोदकाचे काय झाले, भुयारातल्या बीभत्सकादिकांचे काय झाले? प्रमोदकाविषयी विचारल्यावर विराधगुप्ताचे पहिले उत्तर आहे: इतरांचे झाले तेच. त्या तुटकपणात सांगणाऱ्याचा थकवा आहे, आणि त्यावर न थांबता राक्षस तपशील विचारतो. तीन, दारुवर्म्याच्या मृत्यूवर त्याच्या डोळ्यांत पाणी येते आणि तो मित्राचा वियोग झाल्यासारखा बोलतो. ज्याने ही माणसे मृत्यूच्या तोंडी दिली त्याचाच हा शोक आहे. त्यामुळे तो निर्मळ नाही, आणि म्हणूनच तो अधिक खोल जातो.

आधुनिक काळातील एका उदाहरणाशी तुलना केल्यास हे वैशिष्ट्य अधिक स्पष्ट होईल. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या मोटारीवर २२ ऑगस्ट १९६२ रोजी पॅरिसजवळ प्ती-क्लामार येथे गोळीबार झाला. ते बचावले; कटाचा सूत्रधार बास्तियाँ-तिरी याला मार्च १९६३ मध्ये गोळ्या घालून देहान्त शिक्षा देण्यात आली. या सत्यघटनेपासून आरंभ करून फ्रेडरिक फोर्साइथने १९७१ साली ‘द डे ऑफ द जॅकल’ ही कादंबरी लिहिली. द गॉल यांचे निधन त्याआधीच, नोव्हेंबर १९७० मध्ये झाले होते, आणि ते मारेकऱ्याच्या हातून झाले नव्हते. म्हणजे जॅकलचा घात फसणार हे पहिल्या पानापासून वाचकाला ठाऊक आहे, तरीही कादंबरी श्वास रोखून वाचली जाते. परिणाम निश्चित असला की कुतूहल प्रक्रियेकडे वळते: बनावट कागदपत्रे कशी मिळवली, बंदूक कशी घडविली, पोलिसांनी माग कसा काढला. शेवटी एका वृद्ध सैनिकाला पदक देऊन त्याच्या गालाचे चुंबन घेण्यासाठी द गॉल झुकतात आणि गोळी हुकते. योगायोग येथे राजाच्या बाजूने पडला आहे. मारेकरी पुरला जातो तो निनावी, आणि त्याचे खरे नाव अखेरपर्यंत कोणालाच कळत नाही. त्या निनावीपणातच कादंबरीची मौज आहे: निव्वळ कौशल्य झालेला माणूस, ज्याच्यासाठी कोणी रडावे असे काहीही उरलेले नाही. विशाखदत्तानेही ठाऊक असलेल्या परिणामाची कथा सांगितली आहे. पण त्याने माणसांना नावे दिली आणि त्यांच्यासाठी रडणारा एक श्रोता दिला. ॲरिस्टॉटलला न दिसलेला क्लेश नेमका या श्रोत्याच्या ठिकाणी मूर्त झालेला आहे.

आणि तरीही ‘मुद्राराक्षसा’चा शेवट या क्लेशाची बाकी चुकती करीत नाही. सातव्या अंकात राक्षस चंदनदासाला वाचविण्यासाठी शरण येतो आणि चंद्रगुप्ताचे अमात्यपद स्वीकारतो. मलयकेतूला त्याचे राज्य परत मिळते, चंदनदासाला श्रेष्ठीपद मिळते, चाणक्य शेंडी बांधतो. ज्याने राजाच्या वधाचे सारे प्रयत्न योजले तोच आता राजाचा रक्षक होतो. सर्वांची बंधने सुटतात. ज्यांनी त्याच्या शब्दाखातर दार, हत्तीण, औषध आणि भुयार यांत प्राण दिले, त्यांची मात्र या समेटात आठवण निघत नाही. मैत्रीखातर शरण जाणारा राक्षस थोर आहे यात शंका नाही. पण चंदनदासासाठी तो जे करू शकला, ते दारुवर्म्यासाठी करण्याची संधीच त्याला मिळाली नाही. आणि ज्या राजाच्या सेवेत तो आता रुजू झाला आहे, त्याच्या राजवाड्याच्या पहिल्या दारातूनच त्याला रोज आत जावे लागणार आहे.

नाटक हे बोलत नाही. समेटाच्या नाटकाला ते परवडण्याजोगेही नाही. परंतु दुसऱ्या अंकात एकदा नावे घेतली गेली की ती पुसता येत नाहीत. सातव्या अंकातील मौन त्या नावांच्या पार्श्वभूमीवरच ऐकू येते. राज्यकर्त्याच्या वाचण्याची कथा सांगताना, त्या वाचण्यात मेले कोण, हा प्रश्न विचारणारे वाचन ‘मुद्राराक्षसा’च्या विरोधात जात नाही, त्याच्या एका अंकाने दिलेली साक्ष ते दुसऱ्या अंकापर्यंत पोचविते. चाणक्याच्या बुद्धीला दाद देणारी आपली परंपरा मोडून काढण्याचे कारण नाही. त्या दादेबरोबर भिंतीच्या फटीतून मुंग्यांनी बाहेर आणलेल्या त्या शितांचीही आठवण ठेवावी, एवढीच येथील अपेक्षा आहे.